ह्यांचा रात्रीचा उद्योग

मागच्या खेपेस आपण पावसाळ्यात गाद्या-उशांना येणारा कुबट वास कसा घालवायचा ते पाहिलं. आजचा विषय कपाटातलाही नाही आणि ओट्यावरचाही नाही. आज आमच्या ह्यांच्या एका नादाबद्दल लिहायचं आहे. लिहावं की न लिहावं, ह्या विचारात दोन आठवडे गेले. शेवटी हेच म्हणाले, “लिही की! फक्त माझं नाव घालू नकोस, आणि मला फार शहाणा करू नकोस.” दोन्ही अटी मान्य करून लिहायला बसले आहे.

नवऱ्याचे नाद आपल्याला काही नवे नाहीत. कुणाचे पत्ते, कुणाचं क्रिकेट, कुणाच्या गच्चीवरच्या कुंड्या. आमच्या ह्यांना नाद आहे तो कॉम्प्युटरवर ॲप लिहिण्याचा. दिवसा एका कारखान्याच्या ऑफिसात नोकरी. रात्री जेवणं उरकली, मी ओटा पुसून दुधाला विरजण लावलं, की हे लॅपटॉप उघडून बसतात ते बारा-साडेबारापर्यंत. बरं, ह्या कामाचा पगार नाही, ओव्हरटाईम नाही. केलेलं काम जगाला वाटून टाकायचं! मला बरेच दिवस ह्याचा अर्थच लागत नव्हता. आता थोडाफार लागला आहे. तो लागेपर्यंत घरात काय काय झालं ते सांगते. तुमच्याही घरी एखादा मुलगा, भाऊ, दीर असाच रात्री दिवा लावून बसत असेल, तर उपयोगी पडेल.

माळ्यावरचं खोकं

सुरुवात झाली ती माळ्यावरच्या एका खोक्यापासून. सासऱ्यांना जाऊन वर्ष झालं होतं. दिवाळीच्या साफसफाईत खोकं खाली काढलं, तर आत नऊ व्हिडिओ कॅसेटी आणि तीन गाण्याच्या असतात तशा साध्या कॅसेटी. वन्संचं लग्न, भावजींची मुंज, सासऱ्यांच्या निवृत्तीचा समारंभ. आणि साध्या कॅसेटींत सासूबाईंच्या आईंनी म्हटलेल्या जात्यावरच्या ओव्या. दोन व्हिडिओ कॅसेटींच्या फितीवर पांढरी बुरशी धरली होती. आमच्या साताऱ्याचा पाऊस तुम्हाला ठाऊकच आहे.

आता ह्या कॅसेटी लावायच्या कशावर? घरातला व्हीसीआर केव्हाच भंगारात गेला होता. दुकानातही नवा मिळण्याची आशा नाही. जपानची फुनाई ही व्हीसीआर बनवणारी शेवटची कंपनी म्हणून ओळखली जायची, तिनेही २०१६ च्या जुलैमध्ये ते बनवणं थांबवलं. अखेर जुनं यंत्र जपून ठेवलेला एक फोटो स्टुडिओवाला सापडला. त्याने बुरशी साफ करून नऊपैकी आठ कॅसेटी आणि सगळ्या ओव्या डिस्कवर उतरवून दिल्या. एक मात्र गेली ती गेलीच. भावजींची मुंज आता फक्त आठवणीत.

पुढचा प्रश्न, हे बघायचं कसं? सासूबाईंना लॅपटॉप उघडता येत नाही. त्यांना टीव्ही समजतो. म्हणून ह्यांनी घरातला जुना कॉम्प्युटर बाहेरच्या खोलीत कोपऱ्यात मांडला, त्यावर ‘जेलीफिन’ नावाची मोफत प्रणाली बसवली आणि ती डिस्क त्याला जोडली. घरातल्या वाय-फायवरून टीव्हीवर चित्र दिसू लागलं.

हे चालतं कसं, ते मला पोळ्यांवरून समजलं. पूर्वी काय व्हायचं, की अख्खा सिनेमा आधी उतरवून घ्यायचा आणि मग बघायचा. म्हणजे सगळ्या पोळ्या करून, डबा भरून, मग पानं वाढायची. स्ट्रीमिंग म्हणजे तव्यावरून थेट पानात. कोपऱ्यातला कॉम्प्युटर सिनेमा थोडा थोडा करून पाठवत असतो. टीव्ही एक घास खातो तोवर पुढचा येऊन पोचतो. वाय-फाय मंद असलं, की पुढची पोळी यायला उशीर होतो आणि पडद्यावर ते गोल गोल चक्र फिरत राहतं. शिवाय प्रत्येक टीव्हीला प्रत्येक तऱ्हेची फाईल पचत नाही. मग कॉम्प्युटर ती पाठवता पाठवताच बदलून देतो, जशी आपण दात नसलेल्या आजींना भाकरी दुधात कुस्करून देतो. ह्या कामात जुना कॉम्प्युटर चांगलाच तापतो. थंडीत आमचं मांजर त्याच्याच शेजारी झोपायचं.

पण सासूबाईंना ते काही जमेना. अक्षरं बारीक, चौकटी फार, एक बटण चुकलं की भलतंच उघडायचं. तेव्हा ह्यांनी जेलीफिनकडून चित्र आणि आवाज मागून घेणारं एक लहानसं ॲप टीव्हीसाठी स्वतःच लिहिलं. त्यात चारच मोठ्या चौकटी: लग्नकार्यं, सहली, नातवंडं, ओव्या. रिमोटची पाच बटणं पुरतात. तीन महिने लागले. एक दिवस मी शाळेतून घरी आले, तर टीव्हीचा पडदा काळा, आवाज चालू, आणि सासूबाई तांदूळ निवडता निवडता त्या आवाजात आपला आवाज मिसळत होत्या. त्यांनी ते एकटीने लावलं होतं. त्यांच्या आईंना जाऊन एकतीस वर्षं झाली होती.

फुकट आणि मुक्त

ह्यांनी ते ॲप घरापुरतं ठेवलं असतं, तर आजचा लेख इथेच संपला असता. पण ह्यांनी त्याची ओळ न् ओळ जगाला खुली करून टाकली. ह्याला ‘ओपन सोर्स’ म्हणतात. मला वाटायचं, ओपन सोर्स म्हणजे फुकट. तसं नाही. शेजारणीने लोणच्याची वाटी दिली, ती एक गोष्ट. वाटीबरोबर कृतीही लिहून दिली, “मीठ-तिखट तुझ्या चवीने घाल, जावेलाही दे,” असं सांगितलं, ती दुसरी गोष्ट. आणि काही परवान्यांत आणखी एक अट असते: कृती सुधारून ते लोणचं दुसऱ्या कुणाला दिलंस, तर सुधारलेली कृतीही तिला द्यायची, झाकून ठेवायची नाही. अशा परवान्यांपैकी फार प्रसिद्ध असलेला जीपीएल हा अमेरिकेतल्या रिचर्ड स्टॉलमन ह्यांनी १९८९ मध्ये पहिल्यांदा काढला.

खुल्या कृतीचं महत्त्व जेलीफिनच्याच जन्मकथेत दिसतं. तिच्याआधी ‘एम्बी’ नावाची अशीच एक प्रणाली होती. २०१८ च्या अखेरीस एम्बीच्या चालकांनी पुढची कृती कुलपात ठेवायचं ठरवलं. तेव्हा काही हौशी मंडळींनी तोवर जेवढं खुलं होतं तेवढं उचललं आणि त्याच डिसेंबरात वेगळी चूल मांडली. तीच जेलीफिन. ती स्वयंसेवकच चालवतात, आणि पैसे भरले तरच उघडेल असा एकही कप्पा तिच्यात नाही.

आणखी एक उदाहरण तर बहुधा तुमच्या घरातच आहे. रस्त्याचं काम चालू असताना ठेवतात, तसा नारिंगी-पांढरा शंकू कॉम्प्युटरवर पाहिला असेल. मुलांच्या शाळेच्या गॅदरिंगचा व्हिडिओ बहुतेकजणी त्याच्यावरच लावतो. तो व्हीएलसी. १९९६ मध्ये पॅरिसजवळच्या एकोल सेंत्राल ह्या इंजिनिअरिंग कॉलेजातल्या विद्यार्थ्यांनी, आवारातल्या कॉम्प्युटरच्या जाळ्यावरून व्हिडिओ पाठवता यावा म्हणून ते काम सुरू केलं. २००१ च्या फेब्रुवारीत कॉलेजच्या परवानगीने सगळं जीपीएलखाली खुलं झालं. शंकूचं चित्रही त्या पोरांनी कुठून कुठून गोळा करून आणलेल्या शंकूंवरून आलं! २०२५ च्या जानेवारीत व्हीएलसी उतरवून घेतल्याचा आकडा ६ अब्जांवर गेल्याचं जाहीर झालं. त्यांचे प्रमुख ज्यां-बातिस्त केम्फ ह्यांनी, जाहिराती घालण्यासाठी देऊ केलेल्या कोट्यवधींच्या रकमा आपण नाकारल्या, असं जाहीरपणे सांगितलेलं आहे. आपल्या देशातही एक प्रसंग घडला. २०२२ च्या फेब्रुवारीपासून त्यांचं संकेतस्थळ इथे अडवलं गेलं होतं. कायदेशीर नोटीस गेल्यावर नोव्हेंबरात ते पुन्हा खुलं झालं.

कोट्यवधी नाकारण्याची ही गोष्ट ह्यांनी मला पहिल्यांदा सांगितली, तेव्हा मी भाजी चिरत होते. “मोठी माणसं, मोठ्या गोष्टी,” असं म्हणून मी सोडून दिलं. पुढे ती आमच्याच दारात येईल असं वाटलं नव्हतं.

तापाची रात्र

खुल्या दारातून सगळेच येतात. ह्यांचं ॲप हळूहळू परक्या घरांतही पोचलं. कुणी पोर्तुगालमधला, कुणी ब्राझीलमधला. आधी कौतुकाची पत्रं आली. मग तक्रारी. ‘आवाज चित्राच्या मागे पडतो.’ ‘तीन दिवस झाले, अजून दुरुस्त का नाही?’ एकाने तर सरळ लिहिलं, ‘जमत नसेल तर बंद करून टाका.’ छदाम न दिलेला माणूस! आणि ह्यांचा स्वभाव असा, की कुणाची तक्रार आली की झोप लागत नाही.

त्या श्रावणात धाकटीला ताप आला. रात्री दीड वाजता पाण्याची पट्टी बदलायला उठले, तर बाहेरच्या खोलीत उजेड. हे कुण्या परदेशातल्या माणसाच्या टीव्हीचं कोडं सोडवत बसलेले. मी म्हटलं, “अहो, ताप चढलाय तिला. एकशेतीन आहे.”

“हो, हो. आलोच, दोन मिनिटं,” म्हणाले, मान वर न करता.

ती दोन मिनिटं वीस झाली. मी एकटीने औषध दिलं, अंग पुसलं. हे आले तेव्हा ती झोपली होती. त्यावर मी जे बोलले ते छापण्यासारखं नाही. मग दोन दिवस अबोला. “आई, ह्यांना सांगा, दळण आणायचंय.” “आई, तिला सांग, आणलंय.” सासूबाई बिचाऱ्या मधल्या मधे टपालखातं झाल्या.

तिसऱ्या दिवशी ताप उतरला. मी शाळेच्या वह्या तपासत बसले होते. मनात आलं, आमटीत मीठ नेमकं पडलं तर घरात कुणी काही बोलत नाही. कमी पडलं तर मात्र सगळ्यांना वाचा फुटते. माझ्या कामाचा पगार नाही, ते संपत नाही, आणि ते दिसतं ते बिघडलं तरच. ह्यांच्या रात्रीच्या कामाची तऱ्हा अगदी हीच. ती तक्रारींची पत्रं वाचताना ह्यांच्या चेहऱ्यावर जे दिसायचं, ते मी आरशात पाहिलेलं होतं. त्यामुळे राग थोडा निवळला. सगळा नाही. कारण ह्यांचं काम ह्यांनी निवडलेलं आहे, लॅपटॉप मिटला की थांबतं. मुलीचा ताप मिटून ठेवता येत नाही. हे मी ह्यांना शांतपणे सांगितलं. ह्यांनी ऐकून घेतलं, आणि म्हणाले, “त्या रात्री मी चुकलो.” लग्नाला बारा वर्षं झाली, पण एवढं सरळ वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं.

मग आम्ही दोघांनी कॅलेंडरवर आखणी केली. सोमवार, बुधवार, शुक्रवार रात्री साडेनऊ ते अकरा, हा ह्यांचा वेळ. त्या वेळात मीही त्यांना दळणाची आठवण करायची नाही. बाकीच्या रात्री लॅपटॉप कपाटात. तक्रारींना उत्तरं फक्त शनिवारी. आणि ॲपच्या पहिल्याच पानावर स्पष्ट लिहून टाकलं, की हे काम एक माणूस नोकरी सांभाळून फावल्या वेळात करतो, उत्तर आठवड्यातून एकदाच मिळेल. गंमत म्हणजे त्यानंतर तक्रारी कमी झाल्या. आणि आल्या त्यांची भाषा बदलली.

मीही त्यात थोडा हात घातला. ॲपमधले शब्द सगळे इंग्रजी होते. बी.ए.ला मराठी घेतलं ते कधी कामाला यायचं? आम्ही जेवणानंतर शब्द शोधू लागलो. ‘रिझ्यूम’ला मी ‘राहिलेलं पुढे पाहा’ केलं. ‘प्ले’वर आमचं अडलं. ‘सुरू करा’ मला कोरडं वाटत होतं. आतल्या खोलीतून सासूबाई म्हणाल्या, “त्यात काय, ‘लावा’ म्हण की. गाणं आपण लावतोच.” आता आमच्या टीव्हीवर ‘लावा’ असंच येतं. जेलीफिन आणि व्हीएलसीमध्येही मराठी शब्द भरलेले आहेत. असे शब्द भरायला कॉम्प्युटरची भाषा यावी लागत नाही, आपली यावी लागते.

दीड लाखाचा प्रश्न

गेल्या वर्षी उन्हाळ्यात ह्यांना एका कंपनीचं पत्र आलं. त्यांना हे ॲप विकत हवं होतं. दीड लाख रुपये देऊ म्हणाले.

मैत्रिणींनो, आमच्या मागच्या खोलीचं छत गळतं. गवंड्याने अंदाज दिला होता एक लाख चाळीस हजारांचा. पत्र वाचल्याबरोबर मी मनात छत दुरुस्त करून, वर उरलेल्या दहा हजारांत काय काय येईल तेही ठरवून टाकलं. म्हटलं, “अहो, विचार कसला करता? घ्या.”

हे गप्प. मग म्हणाले, “त्यांना ॲप नकोय. चावी हवीय.”

चावी म्हणजे काय, ते त्या दिवशी समजलं. टीव्हीवरच्या किंवा मोबाईलवरच्या प्रत्येक ॲपला ते लिहिणाऱ्याची गुप्त सही असते. पुढच्या सुधारणा त्या सहीनिशी आल्या, तरच आपला टीव्ही त्या आत घेतो. म्हणजे चावी ज्याच्या हातात, तो त्या सगळ्या घरांत काहीही पाठवू शकतो, आणि घरच्यांना वाटतं की नेहमीचाच माणूस आला आहे. पत्रात अटी होत्या: ॲपचं नाव बदलायचं नाही, वापरणाऱ्यांना विक्रीचं कळवायचं नाही, आणि कुठल्या घरात काय, केव्हा बघितलं जातं ह्याची नोंद ठेवणारा एक भाग आत बसवायचा.

“जाहिराती काय, सगळीकडेच असतात,” मी म्हटलं. तेव्हा ह्यांनी ‘द ग्रेट सस्पेंडर’ची हकीकत सांगितली. कॉम्प्युटरवर उघडून ठेवलेली, पण वापरात नसलेली पानं झोपवून ठेवणारं ते एक छोटं, मोफत, खुलं साधन. वीस लाखांच्या वर लोक वापरत होते. २०२० मध्ये मूळ लेखकाने ते दुसऱ्या कुणाच्या हवाली केलं. २०२१ च्या फेब्रुवारीत त्यात घातक भाग असल्याचं सांगून गूगलने ते बंद केलं. तोवर ते वापरणाऱ्यांपैकी किती जणांना मालक बदलल्याची कल्पना होती?

तरीही मी लगेच तयार झाले नाही, हे प्रामाणिकपणे सांगते. “तत्त्वांनी छत गळायचं थांबत नाही,” असं मी म्हटलंच. आमच्या घरात दीड लाख ही साधी रक्कम नाही. चार दिवस हाच विषय. सासूबाई ऐकत होत्या. चौथ्या दिवशी त्या म्हणाल्या, “म्हणजे मी माझ्या आईची ओवी ऐकत बसले, तर दाराआड कुणीतरी लिहून घेणार?” हे म्हणाले, “आपल्या घरात नाही, आई. दुसऱ्यांच्या.” त्या म्हणाल्या, “मग त्यांच्या आया नसतात होय?”

मला आमच्याच चार चौकटी आठवल्या. ‘नातवंडं’ उघडलं की माझ्या मुली अंघोळीच्या टबात बसलेल्या दिसतात. अशाच चौकटी इतरांनीही आपल्या घरच्या माणसांनी भरल्या असणार, आमच्यावर विश्वास टाकून. दीड लाखाला आम्ही तो विश्वास विकणार होतो, आणि तो विकायचा हक्क आमचा होता का, ह्याचं उत्तर मला देता येईना. ह्यांनी नकार कळवला.

छत? भिशीच्या पैशातून निम्मं झालं आहे. निम्मं बाकी आहे. ह्या पावसाळ्यातही कोपऱ्यात बादली होती. रात्री त्या बादलीत थेंब वाजायला लागले, की माझ्या मनात दीड लाख येतात, नाही असं नाही. पण ह्यांना ते बोलून दाखवत नाही.

एवढं लक्षात ठेवा

आता आपल्या नेहमीच्या पद्धतीने काही उपयोगाच्या गोष्टी.

१. माळ्यावर कॅसेटी असतील तर ह्याच महिन्यात खाली काढा. पुस्तकांसारख्या उभ्या, कोरड्या जागी ठेवा. बुरशी दिसली तर यंत्रात घालून बघू नका, फीत तुटते आणि यंत्रही बिघडते, जाणकाराकडेच द्या. साधारण प्रतीचा एक तासाचा व्हिडिओ डिस्कवर सुमारे १ जीबी जागा घेतो. दोन प्रती करा आणि त्यातली एक दुसऱ्या घरी ठेवा. माझी माहेरी आहे.

२. घरच्या अशा संग्रहात आपलं स्वतःचं चित्रण आणि रीतसर आपलं असलेलंच ठेवा. आमच्या भाच्याने “मामी, नवे सिनेमे कुठूनतरी घालू या,” म्हटल्यावर ह्यांनी साफ नाही म्हटलं. ‘कोडी’ नावाचं एक चांगलं खुलं साधन आहे. त्यात चोरीच्या सिनेमांची सोय भरून डबे विकणाऱ्यांमुळे त्याचं नाव फुकट बदनाम झालं.

३. घरातला असा कॉम्प्युटर घरच्या वाय-फायपुरताच ठेवा. पासवर्ड नीट घाला. पुरती माहिती नसताना तो बाहेरून दिसेल असं दार उघडू नका.

४. मोफत साधन घ्यायचं तर मूळ ठिकाणाहूनच घ्या. व्हिडिओ दाखवणारं ॲप एकाएकी तुमचे फोन नंबर किंवा तुम्ही कुठे आहात ते मागू लागलं, तर हो म्हणण्याआधी थांबा.

५. फुकट वापरता ना, मग दोन ओळी आभाराच्या लिहा. तक्रार करायची तर टीव्ही कुठला, काय दाबलं, काय झालं, हे सांगा. नुसतं ‘चालत नाही’ म्हणू नका. जमेल तेवढे पैसे पाठवा. पैसे नसतील तर मराठी शब्द द्या.

६. घरात असा नाद असलेला माणूस असेल, तर वेळ ठरवून द्या आणि त्या वेळेचा मानही राखा. खर्चाला वही ठेवा. गूगलच्या दुकानात ॲप ठेवायला एकदाच २५ डॉलर भरावे लागतात, शिवाय इतर किरकोळ खर्च. आमच्याकडे वर्षाची मर्यादा ठरलेली आहे.

७. त्या माणसाला एकटं पडू देऊ नका. फिनलंडचे लासे कॉलिन हे ‘एक्सझेड’ नावाचं, असंख्य कॉम्प्युटरांत आत बसलेलं एक साधन बिनपगारी सांभाळत. २०२२ मध्ये, कामाला उशीर होतो म्हणून लोकांनी लकडा लावला, तेव्हा त्यांनी सांगितलं की मन बरं नसल्याने पूर्वीसारखा वेळ देता येत नाही. मदतीला आलेल्या एका अनोळखी साथीदाराच्या हाती हळूहळू काम गेलं, आणि २०२४ च्या मार्चमध्ये उघड झालं, की आत चोरवाट पेरलेली आहे. थकलेल्या माणसाला कुणाचाही हात आधाराचा वाटतो. तो हात ओळखीचा असावा, एवढं आपण पाहू शकतो. ह्यांच्या चावीची दुसरी प्रत कुठे आहे ते आता मला आणि भावजींना ठाऊक आहे.

तुमच्या घरी असा रात्रीचा उद्योग कुणी करत असेल, तर तुम्ही तो कसा निभावता, ते जरूर कळवा. आणि ‘शफल’ला चांगला मराठी शब्द सुचला तर तोही. सासूबाई ‘कसंही लावा’ म्हणतात, ह्यांना ते पटत नाही.

आता थांबते. साडेनऊ वाजले, आज बुधवार आहे, आणि ह्यांनी लॅपटॉप काढला आहे. पुढच्या खेपेस लोणच्यांच्या बरण्यांविषयी.